ठकीच्या घरातलं देवक

औंढ्यात एक दुमजली घर असं होतं, की मांजर त्यात शिरलं तर बाहेर येताना उलटं चालत यायचं. आत वळायला जागाच नव्हती. पण घर म्हणजे घर. सागवानी खांब, नखाएवढ्या कौलांचं छप्पर, दाराला कडी, माडीवर जायला जिना, चुलीपाशी उखळ आणि सुपारीएवढं जातं. त्या जात्यात खसखस दळली की खरंच पीठ पडायचं. एकदा लोणावळ्याहून नवा कारकून गावात यायला निघाला. पावसाळी धुकं होतं. ओसरीवर ठेवलेलं ते घर त्याला दिसलं, आणि 'छे, वस्ती अजून फार लांब आहे' असं म्हणून तो तिथूनच माघारी फिरला. तो पुढं कुठं गेला ते कुणाला ठाऊक नाही, त्यामुळं ही गोष्ट खोटी ठरवायलाही कुणी उरलेलं नाही.

हे घर झुंबरबाईचं. ती पाच वर्षांची असताना तिच्या बापानं लोणावळ्याच्या एका मिस्त्रीकडून करून घेतलेलं. आत राहायला एक ठकी होती, पांगाऱ्याच्या लाकडाची, गोल डोळ्यांची आणि जन्मभर आश्चर्य वाटल्यासारख्या तोंडाची. झुंबरचं सातव्या वर्षी लग्न झालं. नवव्या वर्षी प्लेगनं नवरा नेला. तिनं त्याला दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा तो रडत होता. तिच्या बांगड्या फोडल्या त्याच दुपारी चुलतीनं ते घर उचललं.

"रांडव पोरीनं घर मांडायचं न्हाई," चुलती म्हणाली. तिनं ओल्या फडक्यानं ठकीचंही कुंकू पुसलं, तिला दारातून आत कोंबलं आणि घर माळ्यावर टाकलं.

विधवेचं दुसरं लग्न, ज्याला गावात पाट म्हणतात, ते या घराण्यात चालत नव्हतं. आम्ही कुळवंत, असं सगळे सांगत. तेव्हा झुंबर माहेरीच राहिली, झुंबरची झुंबरबाई झाली, चाळिशी ओलांडली. बाप गेला, धाकटा भाऊ रखमाजी कर्ता झाला. माळ्यावरचं घर माळ्यावरच राहिलं.

एकोणीसशे तीस सालच्या माघात एका सकाळी रखमाजी वराळ्याहून परतला, तो पायताण काढायच्या आधीच बोलला.

"ठरलं. वराळ्याच्या महिपतीचा पोरगा. पाडव्याच्या आत रतनवर अक्षता पडल्या पायजेत."

रतन त्याची एकुलती लेक. ती तेव्हा अंगणात एका पायावर लंगडी घालत कोंबडीशी शर्यत लावत होती. तिची आई अंबूबाई चुलीपुढं होती. तिनं फुंकणी खाली ठेवली, पण तोंड उघडलं नाही. अंबूबाई या घरात आल्यापासून इतकी कमी बोलली होती की शेजारच्या कस्तुराबाईला तिचा आवाज जाडा की बारीक तेही नीट आठवत नसे.

"पाडव्याला काय आग लागतेय का?" झुंबरबाईनं विचारलं.

"आग न्हाई आक्का, कायदा. एप्रिलच्या पैल्या तारखेपासनं चौदाच्या आतली पोर उजवली तर सरकार खटला भरणार. समद्या मावळात मांडव पडायला लागल्यात. तळेगावात म्हणं पाळण्यातल्या पोरीचं लगीन लागलं, आन् भटजीनं मंगलाष्टकं कानात सांगितल्यावानी म्हटली, नवरी जागी व्हऊ नये म्हणून."

"रतन आठ वर्षांची हाय."

"तू सात वर्षांची व्हतीस."

"व्हय," झुंबरबाई म्हणाली, "म्हणूनच इचारतेय."

रखमाजीनं तिच्याकडं पाहिलं नाही. "उद्या मी न्हाई राह्यलो तर? चौदापत्तूर थांबायचं म्हंजे लोक काय म्हणतील? आपल्या घराण्यात आसं झालेलं न्हाई."

झुंबरबाईनं वाद घातला नाही. तिनं शिडी ओढली, माळ्याला लावली आणि पदर खोचून वर चढली. खाली उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर तीस पावसाळ्यांची जळमटं होती आणि कडेवर घर होतं.

घराची दशा बघण्यासारखी होती. मागची भिंत वाळवीनं खाल्लेली, निम्मी कौलं गळालेली, जिन्याला तीनच पायऱ्या उरलेल्या. उंदरांच्या पिढ्याच्या पिढ्या आत नांदून गेल्या होत्या. माडीवरच्या एका म्हाताऱ्या उंदरानं तर जागा सोडायला इतकी खळखळ केली, की झुंबरबाईला त्याची शेंगदाण्यांवर समजूत काढावी लागली. ठकी मात्र होती तशीच होती. डोळे उघडे, तोंड उघडं.

रतननं तिला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "आत्ती, हिच्या कपाळाला काय झालंय?"

"पुसलंय."

"कुणी?"

"मोठ्या मानसांनी."

"का?"

"त्यांना तेवढंच येतं म्हणून. जा, पानी आण. घर धुवायचंय."

रखमाजीला हे आवडलं नाही. "आक्का, तिचं लगीन ठरलंय. आता हिला भांडीकुंडी शिकीव, चूल शिकीव. खेळणं कशाला काढलंस?"

"लग्नाच्या आधीच खेळायचं अस्तंय रखमा. लग्नानंतर काय अस्तंय ते मी बघितलंय."

तिनं दूधवाल्याबरोबर लोणावळ्याला निरोप धाडला आणि तिसऱ्या प्रहरी इनायत मिस्त्री आला. हे घर घडवणाऱ्या मिस्त्रीचा हा मुलगा. खंडाळ्याच्या बंगल्यांची दारं-खिडक्या करणारा, तोंडात सदा दोन खिळे धरून बोलणारा. त्यानं खांब बोटानं दाबून पाहिले, दाराची कडी वाजवली आणि खिळे काढून हातात घेतले.

"मावशी, हे अब्बाचं काम. कडी बघा. बंगल्याच्या दाराला लावतात तशीच, फक्त दार न्हाई तेवढं मोठं."

"नीट व्हईल का?"

"व्हईल की. पण शिंपल्याएवढ्या घराला हत्तीएवढा वेळ लागतो."

"लागू दे. वेळच पायजे मला," झुंबरबाई म्हणाली.

ती दोघं आणि रतन कामाला लागली. इनायतनं रेल्वेच्या मोडक्या डब्यातली एक सागाची फळी आणली आणि मागची भिंत उभी केली. झुंबरबाईनं पोयट्याची माती मळून नखावर दाबून कौलं पाडली आणि चुलीच्या आरात भाजली. पहिल्या घाण्यातली सगळी तडकली. दुसऱ्यातली निम्मी. रतन ती वाळवायला मांडायची आणि राखण करायची, कारण कोंबडीला ती दाणे वाटत. जमिनीला शेणाचा हात बोटाच्या टोकानं फिरवला. भिंतींना चुना, दाराला गेरू, दारापुढं तुळस लावायला जागा नव्हती म्हणून सब्जाचं एक रोप. गावातल्या बायका निमित्तं काढून येऊ लागल्या. कस्तुराबाई म्हणाली, "झुंबर, मला भाड्यानं देतेस का गं? सासू आत मावणार न्हाई, येवढ्यासाठी घेते."

अंबूबाई यातलं काहीच बोलली नाही. पण एका दुपारी ती चुलीपासून उठून आली आणि बाहुलीघरातल्या चुलीत करवंटीची एक बारीक कपची सरपण म्हणून ठेवून गेली.

घर उभं राहिलं, तशी रतन हटून बसली की ठकीचं लग्न लावायचं. झुंबरबाई एवढ्याचीच वाट बघत होती. संध्याकाळी रखमाजी जेवून सुपारी कातरत बसला असताना ती जवळ जाऊन बसली.

"रखमा, पोरीला ठकीचं लगीन लावायचंय. तिला उद्या सासरी जायचंय. लगीन कसं लागतं, देवक कसं बसतं, ते डोळ्यांनी बघू दे की. आपल्या घरची रीत तिला ठाऊक नको?"

देवक म्हणजे घराण्याची खूण. या घराण्याचं देवक कळंब. लग्नाआधी घरच्या नवराबायकोनं शेल्याची गाठ मारून मारुतीच्या देवळात जायचं, त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड, तिच्या हातात सूप. तिथून कळंबाची डहाळी वाजतगाजत आणायची, घरात बसवायची, आणि कार्य पार पडलं की त्याच दोघांनी पुन्हा गाठ मारून ती उठवायची. एक बसलेलं असताना दुसरं बसत नाही.

रखमाजी हसला. "बाहुलीच्या लग्नाला देवक? बोडकंच लाव की."

"लावते. कस्तुराबाई म्हणतच व्हती, यांच्याकडं आता समदं बोडकंच अस्तं म्हणून."

कस्तुराबाई असं काही म्हणाली नव्हती. पण रखमाजीची सुपारी अडकित्त्यातच राहिली. कुळाचं नाव निघालं की त्याला खालचं-वरचं दिसत नसे. दुसऱ्याच दिवशी त्यानं फेटा बांधला, कुऱ्हाड घासली, डफडंवाला बोलावला. अंबूबाईच्या पदराला गाठ मारून तो असा निघाला की मागून पाहणाऱ्याला वरातीला खरंच हत्ती येईल असं वाटावं. देवळात नथू गुरवानं डहाळी हातात धरून विचारलं, "भाऊ, बाहुलीचं हाय ना? मग नुसती पानं देऊ का?"

"नुसती पानं?" रखमाजी अख्ख्या गावासमोर गरजला. "आमच्या घरात देवक खोटं बसत न्हाई. विधी करून दे."

नथूनं विधी करून दिला. कळंबाची डहाळी बाहुलीघराच्या माडीवर उभी राहिली, छपराच्या दोन कौलांतून पानं बाहेर आली. झुंबरबाईनं ठकीला हळद लावली. विधवेनं हळदीला हात लावू नये असा दंडक आहे. तिनं हात मनगटापर्यंत माखून घेतले आणि कुणी काही म्हणतंय का म्हणून सगळीकडं पाहिलं. कुणी म्हणालं नाही.

"चला, आता नवरा आणा," रखमाजी म्हणाला. "दिवस मावळायच्या आत उरकू आन् देवक उठवू."

"नवरा इनायतकडं हाय," झुंबरबाई म्हणाली. "घडतोय."

नवरा दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शिमगा आला, होळी पेटली, विझली. वराळ्याहून निरोप आला की मांडव कधी घालताय. रखमाजी तडक लोणावळ्याला गेला. इनायत स्टेशनजवळच्या आपल्या दुकानात रंधा मारत होता.

"नवरा कुटं हाय?"

इनायतनं फळीवरून एक लाकडाचा तुकडा काढला. त्याला नाक होतं. बाकी काही नव्हतं.

"येवढंच?"

"नाक झालंय भाऊ. नाकच तर महत्त्वाचं, कुळवंतांचा जावई. डोळ्यांना मुहूर्त लागंल. मिशीचं लाकूड अजून ओलं हाय."

"कुणी सांगितलं तुला सावकाश कर म्हणून?"

इनायतनं पुन्हा दोन्ही खिळे तोंडात घातले. त्यानंतर त्याचं बोलणं कुणालाच कळण्यासारखं राहिलं नाही.

तेव्हा रखमाजीच्या डोक्यात सगळा उजेड पडला. तो रागानं इतका तापला की, म्हणतात, खंडाळ्याच्या घाटात चढणाऱ्या इंजिनाला त्या दिवशी कोळसा कमी लागला. पण तोही काही हार खाणारा नव्हता. स्टेशनसमोरच्या दुकानातून त्यानं एक तयार बाहुला घेतला: सेल्युलॉइडचा, गोरापान, निळ्या डोळ्यांचा, अंगात खलाशाचा डगला. घरी येऊन त्यानं तो बहिणीपुढं ठेवला.

"हा घे नवरा. लाव लगीन."

झुंबरबाईनं बाहुला उचलला, कानाशी हलवून पाहिला. आत काहीतरी खुळखुळलं.

"कूळ कोनचं?"

"आक्का..."

"गोत? देवक? मामा कुटला? वराळ्याच्या पोराचं तू समदं इचारलंस ना? एक वय तेवढं इचारलं न्हाईस. मग ठकीला मी असा, कुटल्या बोटीतनं उतरलेला देऊ? तूच सांगितलंस की गावाला. आमच्या घरात खोटं बसत न्हाई."

रतन म्हणाली, "आबा, ह्याला मिशीपण न्हाई."

रखमाजीनं नथू गुरवाला बोलावून घेतलं. नथू आला, बाहुलीघरापुढं बसला, माडीत डोकावला, कान खाजवला. "भाऊ, मी तवाच म्हटलं व्हतं, नुसती पानं नेऊ या. आता बसलंय ते बसलंय. दुसरं बसायचं न्हाई. कार्य न्हाई झालं तरी उठीवता येतं, पण बसवणाऱ्या दोघांनीच गाठ मारून. एकट्याचं काम न्हाई ते."

"एवढंच ना? उद्या उठवतो," रखमाजी म्हणाला आणि त्यानं महिपतीला निरोप धाडला की उद्या या, तारीख पक्की करू.

दुसऱ्या दिवशी महिपती आला. थोर माणूस, पोट पुढं, बोलणं मागून. त्याला ओसरीवर घोंगडी घातली. बाहुलीघर समोरच होतं. कळंबाची पानं सुकून कुरकुरीत झाली होती, पण डहाळी उभी होती. नथू पाट मांडून बसला. रखमाजीनं शेला खांद्यावर घेतला आणि आत हाक मारली.

"अंबू, ये. गाठ मारायचीय."

अंबूबाई बाहेर आली. दारात उभी राहिली. हात पिठाचे होते, ते तिनं पदराला पुसले नाहीत.

"मी बसनार न्हाई," ती म्हणाली.

तिचा आवाज जाडा निघाला. शेजारच्या कुंपणापलीकडं कस्तुराबाई थबकली.

"काय म्हनलीस?"

"मी बसनार न्हाई. हे उठीवलं की रतनचं बसायचं. माझ्या पदराला गाठ मारल्याबिगर न्हाई उठत, न्हाई बसत. मग मी न्हाईच बसनार."

"पावन्यापुढं मला..."

"पावने ऐकू देत की. वन्संचं लगीन आसंच लागलं व्हतं. वन्संला मी रोज बघते. सनाला, हळदीकुंकवाला समद्या बाया बाहेर, आन् वन्सं मागल्या दारी भांडी घासत. मी या घरात आल्यापासनं कधी काय बोलले का? न्हाई बोलले. माझी पोर नेऊन त्या भांड्यांपाशी बशीवनार म्हंजे काय?"

रखमाजीचा हात कोपऱ्यातल्या कुऱ्हाडीकडं गेला. तीच कुऱ्हाड, देवक आणताना खांद्यावर घेतलेली. "मोडूनच टाकतो. घरच न्हाई तर देवक कसलं?"

झुंबरबाई उठून बाहुलीघराच्या पुढं बसली. मांडी घालून, ऐसपैस.

"मोड. येकदा माळ्यावर टाकलंत तवा मी नऊ वर्षांची व्हते, मला हात वर करता आला न्हाई. आता घाल घाव. पैला माझ्यावर पडंल, दुसरा देवकावर. तिसऱ्याला तुझा हात राह्यला तर घरावर घाल. नथू, बसलेल्या देवकावर कुऱ्हाड घातली तर काय व्हतं रे?"

नथू पाट उचलून हळूच पायरीकडं सरकत होता. "आक्का, कुणी घातलीच न्हाई अजून. म्हणून मला ठाऊक न्हाई. आन् मला बघायचंपन न्हाई."

महिपती घोंगडीवरून उठला. त्याला उठायला वेळ लागला. "रखमाजीभाऊ, तुमचं काय ते तुमी बघा. ज्या घरात येक देवक बसलंय, बायकू गाठीला न्हाई म्हणतेय, आन् मालक कुऱ्हाड धरून उभा हाय, तितं मी पोरगा आणनार न्हाई. मला येकच पोरगा हाय."

"महिपती, ऐका तर... बाहुलीचं हाय वो ते!"

"तुमच्याच गावात ऐकलं मी," महिपती जोडा घालत म्हणाला, "तुमच्याकडं खोटं बसत न्हाई म्हणून."

तो गेला. रखमाजीनं कुऱ्हाड कोपऱ्यात ठेवली, मागच्या दारानं शेतावर गेला आणि दिवसभर एकाच बांधावर बसून राहिला. त्या बांधावर पुढं गवत उगवलं नाही म्हणतात, पण तिथं आधीही उगवत नव्हतं.

पाडवा आला, गुढी उभी राहिली, उतरली. एप्रिलची पहिली तारीख उजाडली. वराळ्याच्या पोराला दुसऱ्या गावची नवरी मिळाली. रतनचे पुढचे दात पडले आणि तिला शीळ घालता येऊ लागली.

मग एक दिवस रखमाजी जरा नरम होऊन बहिणीला म्हणाला, "आता कायदा आला. मी काय करनार न्हाई. आता तरी उठवू ते देवक."

"कायदा आला म्हणून काय झालं? दंड भरून लगीन लावणारे कमी न्हाईत. अंबू, तुला काय वाटतं?"

"मला गाठीला सवड न्हाई वन्सं," अंबूबाई आतून म्हणाली. "कामं हायत."

"मग कधी सवड व्हणार?" रखमाजी ओरडला.

"रतन जाणती झाली, तिला इचारून तिनं व्हय म्हटलं की," आतून उत्तर आलं. "तवर बसू दे."

तेव्हा ते बसलं. सुकलेली डहाळी मोडू नये म्हणून झुंबरबाईनं तिला लाल सूत गुंडाळलं. रतन शेजारच्या पोरींना जमवून त्या घरात रोज स्वयंपाक करायची, खसखशीचं पीठ दळायची आणि ठकीला रागवायची. ठकीच्या कपाळावर झुंबरबाईनं कुंकू लावलं होतं, नवरा नसताना, भर दुपारी, ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. कस्तुराबाईनं विचारलं, "हे कुटल्या शास्त्रात बसतं?" झुंबरबाई म्हणाली, "बसत न्हाई. उभंच राहतं."

आणि घरात बसलेल्या देवकाला कर्त्या पुरुषानं सकाळी हात जोडल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, ही रीत तर रखमाजीला मोडता येत नव्हती. त्या घराचं दार वीतभर उंचीचं. उभ्यानं नमस्कार केला तर तो छपराला पडायचा. तेव्हा औंढ्याच्या कुळवंत रखमाजीनं रोज सकाळी फेटा काढून, ओसरीवर सगळ्यांसमोर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून त्या दारात डोकावावं, आणि आतून गोल डोळ्यांच्या ठकीनं त्याच्याकडं बघावं. रतन मोठी होईपर्यंत हे असंच चाललं. एखाद्या दिवशी तो घाईत तसाच निघाला, तर झुंबरबाई तोंडातली मिश्री न थुंकता, न हलता, नुसतं बोटानं दार दाखवायची.